आईलाही आधार हवा



मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. आपण रडलो की कुणीतरी खात्रीने धावून येते, या अनुभवाने त्याचा जीव जडतो, असे जॉन बोल्बी व मेरी एन्सवर्थ यांनी दाखविले. पण एकटीने संसार ओढणाऱ्या गरीब आईने राबून दमल्यावर दर हाकेला धावावे कसे? तिला नुसता उपदेश पुरेल, असे आम्हांस वाटत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७८ पासून ४०० पहिलटकरणींचा अभ्यास केला. बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. त्यांच्यापैकी काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका जात. त्या बाळाचे रडणे ओळखायला शिकवीत. शिवाय आईचे शिक्षण, नोकरी, तिची जिवाभावाची माणसे यांचीही विचारपूस करीत. १९९७ साली १५ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. अशा घरांत मुलांच्या छळाची व हेळसांडीची सिद्ध प्रकरणे इतरांच्या जवळजवळ निम्मीच निघाली.

म्हणून पालकशिक्षणाचे वर्ग काढणारांनी आधी आईच्या दाराशी जावे आणि तिचे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.