सादळलेले बी
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, बी तर उन्हात वाळतं. मग कारखान्यात त्याला यंत्र कशाला?" मी पडलो बी.ए., बी.एड. उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न आपल्या जालन्याचा होता. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी स्थापन केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'सोने का पालना' म्हणविणारे हे शहर बियाण्यांचे शहर झाले. तेव्हा मी माहिती मिळवली.

पावसाळ्यात पापड सादळतो, मिठाला पाणी सुटते. बीसुद्धा हवेतील ओल शोषून घेते आणि हवा कोरडी असेल तर परत देते. ओल राहिली की बुरशी येते, उगवणशक्ती जाते. ढोबळ नियम असा की, 14 टक्क्यांपासून 5 टक्क्यांपर्यंत बियाण्यातील ओल दर 1 टक्क्याने कमी केली की त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते.

मग हवा तापवली तर? 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. पावसाळी हवेत त्यातले 24 ग्रॅम आधीच असले, तर आर्द्रता 80 टक्के. तीच हवा 40 अंशांपर्यंत तापवली की तिच्यात 51 ग्रॅम मावते आणि आर्द्रता 47 टक्क्यांवर येते. त्याहून फार तापवावे, तर ओल्या बियातील जीवच भाजतो.

म्हणून हवेतले पाणीच काढून घेतात. सिलिका जेलचे जाळीदार चाक संथ फिरत असते. त्याच्या एका भागातून दमट हवा जाते, चाक तिची ओल शोषते आणि कोरडी झालेली हवा बियाण्यावर सोडतात. दुसऱ्या भागातून गरम हवा सोडून चाक वाळवतात. औषधाच्या बाटलीत जी लहान पुडी असते, तिचेच हे मोठे रूप. टोमॅटोच्या बियाण्यात साध्या पिशवीत 8 टक्के, तर हवाबंद पाकिटात 6 टक्केच ओल चालते. कारण बंद पाकिटातली ओल बाहेर जाऊ शकत नाही, बी आतल्या आत मरते. मग शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते.

मित्रांनो, उत्तर घेऊन मी वर्गात गेलो, तेव्हा तो मुलगा शाळा सोडून मामाबरोबर कामाला लागला होता. त्याच्या वडिलांना मी दोनदा भेटलो. घरची अडचण खरी आहे, त्यांना दोष देववत नाही. परंतु पालकहो, ज्या कारखान्यात आपली मुले पोती उचलतात, तेथेच ओल मोजणारा, उगवण तपासणारी, यंत्र चालवणारा माणूस लागतो. ती जागा शिकलेल्यालाच मिळते. बी चांगले असून केवळ साठवणीत वाया जावे, हे शेतकऱ्याला पाहवत नाही. आपल्याला तरी का पाहवावे?

या मुलाची फी व पुस्तके यांचा भार आपण सर्वांनी उचलावा, एवढेच मागणे आहे. त्याचे उत्तर मी जपून ठेवले आहे.

खुदा हाफिज.