नाखव्यांचे मत



आमच्या किनाऱ्यावर एक म्हातारे नाखवा राहतात. उभा जन्म समुद्रावर गेला. म्हातारपणी डोळे गेले. ७ मे २०२४ ला रायगडात लोकसभेचे मतदान होते. घरची माणसे मत द्यायला निघाली. नाखवाही काठी शोधू लागले. तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला उन्हात येताय? तुम्हाला काय दिसणार हाय?"

सुनेच्या मनात वाईट नव्हते. काळजीच होती. पण नाखवा खाली बसले, ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

आता मला सांगा, डोळे गेले म्हणून माणसाचे मतही गेले का?

आपल्या अलिबागचा कुलाबा किल्ला पाहा. ओहोटीला आपण चालत जातो. भरती आली की पैलवानालाही चालत जाता येत नाही. त्याचे पाय शाबूत असतात, पण वाट नसते. कचेरीला नुसत्याच पायऱ्या असल्या, की चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे तसेच होते. त्याला बाराही महिने भरतीच! पायऱ्यांशेजारी उताराची वाट बांधली, की झाली ओहोटी.

ती वाट बांधणे हा उपकार नव्हे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. मतदान केंद्रावर अपंगाला जाता आले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. चारचौघांत अपंगाचा मुद्दाम पाणउतारा करणाऱ्याला कैदही होऊ शकते. तेव्हा "ए लंगड्या" म्हणणाऱ्यांनी जरा जपून! ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. ग्रामसभेत विचारा, यंदा ते पैसे कुठे गेले? लाजू नका. सातबाऱ्याचा उतारा आपण मागतो, तो काय कोणी धर्म म्हणून देतो?

सवलतींसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. त्याची तपासणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर आधी अर्ज करून घरूनही मत देता येते.

नाखव्यांची सून आपल्या वर्गात येते. अक्षर लावून लावून तिने मतदानाचा नियम वाचला. ज्याला दिसत नाही, त्याने १८ वर्षांवरचा सोबती आत न्यावा. सोबत्याने एका दिवसात एकाच मतदाराला अशी मदत करावी. आणि मत गुप्त राखीन, असे लिहून द्यावे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान आले. सून म्हणाली, "बाबा, चला." नाखव्यांनी तिच्या कानात सांगितले, तिने बटण दाबले.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारले, "बाबांनी कोणाला दिलं गं?"

"ते सांगायचं नाय," ती म्हणाली. "तशी सही करून आलेय मी."