ओळख आधीची हवी

आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्यसेवक-सेविका, गावचे डॉक्टर आणि ग्रामपंचायतीचे सदस्यहो,

आरोग्यसेवेवरचं हे संमेलन तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी न घेता वालूरला भरवलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. करोनाकाळात मुंबईत काय निर्णय झाले, याचे कागद आहेत. गावात दारोदार काय घडलं ते मात्र तुमच्या रजिस्टरांतच राहिलं. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आपल्या सेलू तालुक्यात ते दिवस सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावरचे. दिवसा घरांना कुलपं. म्हणून माणसं शेतात निघायच्या आधी, नाहीतर दिवेलागणीला आशाताई दारात उभी राहायची. कपाळासमोर तापमापी धरायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. खुरपून राठ झालेल्या, गार पडलेल्या बोटावर आकडा लवकर येत नाही. मग बोट चोळायचं, पुन्हा लावायचा. ताप 100.4 च्या वर किंवा ऑक्सिजन 95 च्या खाली गेला, की फीवर क्लिनिकला पाठवायचं, अशी सूचना होती.

पण लोक ताप लपवत होते. एकदा नेलेला माणूस परत दिसत नाही, ही धास्ती घराघरांत होती. “ताई, आत या, मामंजींना दोन दिवस कणकण आहे,” असं सून कुणाला सांगेल? जिने तिच्या बाळंतपणात रात्री गाडी बघितली, बाळाच्या डोसाची तारीख ध्यानात ठेवली, तिलाच. महामारीत कामाला आली ती ही आधीची ओळख. ती साथ आल्यावर उभी करता येत नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं ते याच पायावर. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित असलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. जामखेड आपल्याकडून फार लांब नाही. शिकायचं असेल तर तिथे जाऊन शिकावं.

करोनाच्या धावपळीत बाकीचे आजार मागे पडले, तेही सांगितलं पाहिजे. देशात 2019 मध्ये क्षयाच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती 18 लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, खोकणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणून क्षयाच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कुणाकुणाला चालू आहेत आणि दिवस कुणाचे भरत आलेत, ही यादी गावातच तयार हवी. रस्ते बंद झाले तर त्या गोळ्या कोण आणणार, रात्री सेलूला गाडी कोण काढणार, हेही आधीच ठरलेलं हवं.

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती यासाठीच आहे. पण अनेक गावांत ती सहीपुरती उरली आहे, याचा मला राग येतो. तिच्या बैठकीला गावातला खासगी डॉक्टर, मेडिकलवाला आणि जीपवाला यांनाही बोलवा. ताप आलेला माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. ज्या वालूरने आपल्या चक्राकार बारवेतला गाळ हाताने उपसला, त्या गावाला महिन्याला एक बैठक जड नाही.

आणि मोबदल्याचं. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशाताईंना भर साथीत संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे दरमहा 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता पदरात पडला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरवाचा मला अभिमान आहे, पण त्याने किराणा भरत नाही. आशाताईंचं मानधन ठरल्या तारखेला हाती पडावं, हा या संमेलनाचा पहिला ठराव असावा. समितीच्या मासिक बैठकीचा दुसरा. दोन्ही येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत, अशी सरपंचांना माझी विनंती आहे.