वाक्याचा कर्ता कोण?

(पिस्कॅटवे येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेखकाची शैली म्हटले की आपण बहुधा शब्दांविषयी बोलतो. अमक्याची भाषा संस्कृतप्रचुर, तमक्याची रांगडी, असे म्हणून मोकळे होतो. आज मला शब्दांपेक्षा वाक्याविषयी बोलायचे आहे. वाक्य किती लांब आहे, कर्ता कुठे बसवला आहे, प्रश्न कोणाला विचारला आहे, यावरून लेखक कोणाशी बोलतो आणि कोणाला जबाबदार धरतो हे कळते. उदाहरणादाखल एकाच काळात लिहिणारे दोन पुणेकर घेऊ: विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि जोतीराव फुले.

चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. जॉन्सन आणि मेकॉले हे त्यांचे आवडते इंग्रजी लेखक. 'जरी' पासून निघालेले वाक्य दोनतीन वळणे घेत 'तरी' पाशी येते आणि क्रियापदावर थांबते, तोवर वाचकाने सगळे तुकडे ध्यानात ठेवायचे. ही वाक्ये डोळ्यांसाठी आहेत. हातात छापील अंक हवा, मागे जाऊन पुन्हा वाचायची सवड हवी. त्यांचे दुसरे हत्यार उपरोध. वरवर स्तुती, आतून चिमटा. उपरोध कळायला वाचक आधीच लेखकाच्या गोटातला असावा लागतो. बाहेरच्याला तो कळत नाही किंवा फक्त लागतो.

फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या इथल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली, हे आपल्याला माहीत असतेच. तिच्या रचनेकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समोर बसून ते ऐकता येते, आणि त्याची शंका धोंडीबा आधीच विचारून टाकतो.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. छापण्याआधी फुल्यांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. त्यातली काही वाक्ये संपता संपत नाहीत. पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून काय काय उकळले जाते, त्याची यादीच आहे. पानावर ती दमवते. मोठ्याने वाचा, म्हणजे फरक कळेल. 'घेऊन', 'करून', 'सांगून' अशी एकेक क्रिया पुढच्या क्रियेला जोडलेली असते, आणि प्रत्येक तुकडा एका दमात संपतो. मागचे ध्यानात ठेवावे लागत नाही. चावडीवर गाऱ्हाणे सांगणारा माणूस असाच बोलतो.

चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या व्याकरणाची आणि विद्वत्तेची टर उडवली. फुल्यांना नेटके गद्य माहीत नव्हते काय? मिशनच्या इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण झाले होते, टॉमस पेन त्यांनी वाचला होता, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी इंग्रजीतून निवेदन दिले. आयोगासमोरची भाषा वेगळी आणि हडपसरच्या शेतकऱ्यासमोरची वेगळी. ऐकणाऱ्यासाठी रचलेल्या वाक्याला वाचणाऱ्याची फूटपट्टी लावली की ते 'अशुद्ध' ठरते, एवढेच.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' आले. त्यांचे मुख्य साधन प्रश्न. 'स्त्रियांवर अन्याय होतो' असे मोघम विधान करून त्या थांबत नाहीत. पुरुषांना समोर उभे करून त्या एकामागून एक सवाल टाकतात. प्रश्न थेट विचारला की ज्याला विचारला त्याला वाक्यातून निसटता येत नाही.

आता ही तीन वाक्ये पाहा. 'शेतकऱ्याची जमीन गेली.' 'शेतकऱ्याची जमीन घेतली गेली.' 'सावकाराने खोटा कागद करून शेतकऱ्याची जमीन घेतली.' तिन्ही व्याकरणशुद्ध आहेत. पहिल्यात जमीन आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी वाटते. दुसऱ्यात कोणीतरी घेतली, पण तो दिसत नाही. तिसऱ्यात तो दिसतो, आणि त्याने काय केले तेही दिसते. फुले तिसऱ्या जातीचे वाक्य लिहितात. त्यांच्या लेखनाचा अनेकांना राग आला, त्यामागे हेही एक कारण असावे.

चिपळूणकरी गद्य टाकाऊ, असे मात्र मी म्हणत नाही. युक्तिवादाची शिस्त मराठीला त्याने शिकवली. चिपळूणकरांच्याच शाळेत शिक्षक असलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि ते शिस्तबद्ध गद्य सुधारणेच्या बाजूने वापरले. वाक्याचा घाट कोणाच्या मालकीचा नसतो. तो कशासाठी वापरला, हे पाहायचे.

हे सगळे न्यू जर्सीत बसून कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले तसे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते नाकारले. त्या काळात आपल्या घरगुती गप्पांतली वाक्ये आठवा. 'इथे जात पाळली जात नाही.' 'कुठे भेदभाव झाला असेल तर वाईटच.' कोण पाळत नाही? कोणी केला? कर्ता गायब. 'मी जात पाळत नाही' असे म्हटले की लगेच स्वतःला तपासावे लागते: नव्या माणसाचे आडनाव ऐकल्यावर गाव कोणते, हे मी का विचारतो? मुलीच्या लग्नाच्या वेळी मी कोणत्या याद्या उघडतो? कर्मणी प्रयोगात ही तपासणी टळते.

शेवटी मुलांविषयी. इथे वाढलेली मुले क्रियापद मध्येच आणतात, लिंग चुकवतात, आणि आपण हसतो. त्यांचे मराठी आजीशी फोनवर बोलताना घडलेले, ऐकण्याबोलण्याचे आहे. हसण्याआधी ते कोणाशी, काय बोलू पाहतात, हे ऐकावे.

चर्चेसाठी एक सुचवतो. आपल्याच पत्रकाचा मागचा एखादा अंक काढू, 'झाले', 'केले गेले', 'होत आहे' अशी वाक्ये शोधू, आणि प्रत्येकासमोर कर्ता लिहून पाहू. जिथे लिहिताना हात अडेल, तिथून बोलायला सुरुवात करू.