गोल्डफिश आजारी पडला? आधी पाणी बघा

आजचा भाग चोपड्यातून, आणि विषय आहे टाकीतला आजारी गोल्डफिश. हसू नका. एप्रिल-मे आला की ज्या घरात काचेची टाकी आहे तिथे हा प्रश्न हमखास येतो. मासा तळाशी बसून राहतो, खात नाही, नाहीतर सारखा वर येऊन तोंड उघडझाप करतो. पोरगं रडवेलं होतं. आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पन्नास रुपयांचा तर मासा, मेला तर दुसरा आणू."

मला आज एवढंच सांगायचंय की दुसरा आणलात तर बहुतेक तोही मरेल. कारण बिघाड बऱ्याचदा पाण्यात असतो. आणि पाणी सुधारलं तर आहे तोच मासा वाचू शकतो.

आधी हा मासा कोण आहे ते बघू. गोल्डफिश म्हणजे कार्प घराण्यातला मासा, आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून माणसांनी तो पाळला. तो थंड पाण्याचा मासा आहे आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो 1999 पर्यंत जगला. 43 वर्षं! त्यामुळे "मासेच ते, महिनाभर टिकतात" हे काही खरं नाही.

मग आपल्याकडे तो आठवड्यात का मरतो? मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो, सगळं त्याच पाण्यात. त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनियाने त्याचे कल्ले जळतात. चालू झालेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर काही जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार-सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच. गोल भांड्यात तर फिल्टरला जागाच नसते. इटलीत रोम शहराने 2005 साली गोल भांड्यात मासे ठेवायला बंदीच घातली.

आता यात आपलं ऊन मिसळा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7 च्या आत-बाहेर. उलट गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. शिवाय तेवढाच अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी होतो. पाण्याचा पीएच 8 असेल तर 20 अंशांपेक्षा 30 अंशांना विषारी भाग जवळपास दुप्पट. आणि त्यात दुपारी लाईट गेली, पंप बंद! मासा वर येऊन तोंड का उघडतो ते आता लक्षात आलं असेल.

आता पहिल्या दिवशी काय करायचं? नीट ऐका, हवं तर लिहून घ्या.

एक, खाणं बंद. दोन दिवस काही घालू नका. गोल्डफिशला जठरच नसतं, पण तो दोन-चार दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. उरलेलं खाणं कुजून पाणी मात्र नक्की खराब होतं.

दोन, टाकीतलं साधारण तिसरा हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच ताजं पाणी घाला. महिनोन्महिने पाणी बदललेलं नसेल तर त्याहून थोडं थोडं बदला, म्हणजे माशाला धक्का बसणार नाही. नळाचं पाणी असेल तर त्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरिन असतो. ते पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा, किंवा ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटी-क्लोरिन घाला. बोअरचं क्षाराचं पाणी गोल्डफिशला सहसा चालतं, फक्त आधी बादलीत हवेचा पंप लावून ते खेळतं करा. आरओचं पाणी एकटं वापरू नका, त्यात माशाला लागणारे क्षार उरत नाहीत. आणि नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट असू द्या. छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी थेट ओतू नका.

तीन, हवा. एअर स्टोन लावा. लाईटचा भरवसा नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंप घ्या. मोबाईलच्या पॉवर बँकेवर तो कितीतरी तास चालतो. काहीच नसेल तर मगाने पाणी काढा आणि वरून धार धरून परत ओता.

चार, टाकी चकाचक धुऊ नका! इथेच सगळं फसतं. मासा आजारी दिसला की आपण टाकी रिकामी करतो, खडे घासतो, स्पंज नळाखाली पिळतो. म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणूच गेले. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकासा हलवा, बस.

पाच, टाकी थंड ठेवा. खिडकीजवळून हलवा, पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या, झाकण उघडं असेल तर वर जाळी टाका. बाटलीत पाणी गोठवून ती तरंगत ठेवली तरी चालते, पण तापमान हळूहळू उतरू द्या. एकदम बर्फ टाकू नका.

जमलं तर अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या. दोन्ही शून्य यायला हवेत. मी कामात बग शोधतो तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. इथेही तेच. रोज मोबाईलमध्ये दोन ओळी लिहा: किती पाणी बदललं, मासा कसा होता.

आता लक्षणं. मासा उलटा तरंगतोय? पुष्कळदा पोट साफ नसतं, किंवा तरंगणारं खाणं गिळताना हवा आत गेलेली असते. दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेल्या मटारची साल काढून आतला गर बारीक करून द्या. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके? तो परजीवी असतो. फक्त थांबा, ठिपके कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेलाच असतील आणि मासा मजेत असेल, तर तो विणीच्या काळातला नर असू शकतो. त्याला औषध नको. पर फाटल्यासारखे, कडा कुजलेल्या? पुन्हा पाणीच आधी सुधारा.

ठिपक्यांवर आणि नायट्राइटवर खडे मीठ कामाला येतं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. त्यासाठी लिटरला 1 ग्रॅम पुरतं. ठिपक्यांसाठी लिटरला 3 ग्रॅमपर्यंत, पण एकदम नाही, दोन दिवसांत तीन हप्त्यांनी आणि आधी विरघळवून. टाकीत किती लिटर पाणी आहे? लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि 1000 ने भागा. 60 बाय 30 बाय 30 म्हणजे 54 लिटर, म्हणजे 1 ग्रॅमच्या हिशेबाने 54 ग्रॅम मीठ. चमच्याने अंदाज नको, वजन करा. आपल्या जळगावात सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोलतात, सोनेरी माशासाठी मीठ तरी ग्रॅममध्ये तोलू! मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, त्यामुळे जेवढं पाणी बदललं तेवढ्याच पाण्यापुरतं पुन्हा घाला. टाकीत झाडं असतील तर मीठ वेगळ्या टबात वापरा. आणि ठिपके दिसेनासे झाले म्हणून लगेच थांबू नका. तो परजीवी अंगावरून सुटून पाण्यात असतो तेव्हाच मरतो, म्हणून उपाय आणखी काही दिवस चालू ठेवावा लागतो.

निळ्या, हिरव्या, पिवळ्या बाटल्यांचं काय? कुठला आजार ते ठरल्याशिवाय नको, आणि दोन औषधं एकत्र तर नकोच. मेडिकलमधून माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल आणून टाकीत फोडू नका. त्याने टाकीतले चांगले जिवाणूही मरू शकतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तिथे मासा नेणार कसा, असं वाटेल. पण विचारायला काय जातं? मोबाईलवर व्हिडिओ काढा, पाण्याचे आकडे सोबत ठेवा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये 2014 साली जॉर्ज नावाच्या 10 वर्षांच्या गोल्डफिशला भूल देऊन, कल्ल्यांवरून पाणी खेळवत, डोक्यावरची गाठ काढली होती. म्हणजे माशावर उपचार ही काही चेष्टा नाही.

तरी काही मासे जातात. अंग फुगून खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले तर वाचण्याची आशा कमीच असते. अशा वेळी पोरांना खोटं सांगू नका आणि गुपचूप नवा आणून ठेवू नका. आणि आजारी मासा "जगेल तिकडे" म्हणून नाल्यात, तलावात, तापीत तर अजिबात सोडू नका. त्याचा आजार तिथल्या माशांना लागतो, आणि तो जगलाच तर परका मासा म्हणून तिथे पसरतो. गेलेला मासा कुंडीतल्या मातीत खोल पुरा.

आणि टाकी रिकामी झाली तरी फिल्टर चालू ठेवा, पाणी तपासत राहा. पुढचा मासा आणाल तेव्हा किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. त्यालाही आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या टाकीचे लिटर मोजून कमेंटमध्ये टाका, मिठाचा हिशेब आपण मिळून करू. भेटू पुढच्या भागात. राम राम!