बीजवाहिनीचा कर्करोग



हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या दुखण्याची घरात वाच्यता होत नाही ते अंगावर काढले जाते; म्हणूनच तो येथे मांडतो.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक नळी असते. लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर. पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फालोपिओ याने १५६१ साली तिचे वर्णन केले. आपण तिला बीजवाहिनी म्हणू. तिच्या टोकाला झालर असते. बीजकोशातून सुटलेले बीज ही झालर झेलते.

या नळीचा कर्करोग अत्यंत विरळा, असे ग्रंथ सांगत असत. पुढे १९९४ व १९९५ साली बीआरसीए नावाच्या दोन जनुकांचा शोध लागला. त्यांत दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका मोठा. म्हणून काहींनी रोगापूर्वीच बीजकोश आणि नळ्या काढून घेतल्या. त्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा काहींच्या झालरीतच रोगाचा आरंभ दिसला! बीजकोशाच्या नावावर खपणारा सर्वांत घातक कर्करोग पुष्कळदा या नळीत जन्मतो, हे तेव्हा उमगू लागले.

मग तो आधीच का पकडू नये? ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर तसा प्रयोग झाला. रक्ततपासणी व सोनोग्राफी करूनही मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ साली दिसून आले. तेव्हा निरोगी दिसणाऱ्या सर्व स्त्रियांसाठी खात्रीची चाळणी नाही.

पण म्हणून हातपाय गाळायचे काय? मुळीच नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, अंगावरून पाण्यासारखे जाऊ लागले, ओटीपोट दुखत वा पोट फुगत राहिले, तर डॉक्टरांना दाखवा. बहुधा कारण साधेच निघेल. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. मुले पुरे झाल्यावर गर्भाशयाची वा नसबंदीची शस्त्रक्रिया ठरली, तर नळ्याही काढाव्यात का, हे विचारा. त्याने धोका घटतो.

आणि बंधूंनो, हे सदोष जनुक बापाकडूनही मुलीकडे जाते. आपली आई, बहीण, आत्या कशाने गेली, हे मुलीला सांगा. सांगण्यात लाज नाही. लपविण्यात मात्र धोका आहे.