‘जिद्द होती’ म्हणजे नक्की काय होतं?

आजचा विषय शाळेतला वाटेल, पण कॉलेजवाल्यांनी आणि नोकरीवाल्यांनीही थांबा, तुमच्याही कामाचा आहे. मुलांना वैचारिक निबंध लिहायला कसं शिकवायचं? म्हणजे स्वतःचं मत मांडायचं आणि त्याला चरित्रातला पुरावा द्यायचा, हे कसं जमवायचं?

मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतली आठवी ते दहावीची सात-आठ मुलं माझ्याकडे येतात. सुरुवात गणितापासून झाली, आता निबंधही असतो. एकदा विषय दिला, ‘जिद्द असली की यश मिळतंच’. सगळ्यांचा निबंध जवळपास सारखाच. शिवाजी महाराज, कलाम सर, सचिन. प्रत्येकाला एकेक ओळ आणि शेवटी ‘प्रयत्नांती परमेश्वर’.

यात नावं आहेत, पुरावा नाही. सोपी परीक्षा सांगतो. वाक्यातलं नाव बदलून बघा. ‘कलाम सर जिद्दीने पुढे गेले’च्या जागी ‘सचिन जिद्दीने पुढे गेला’ लिहिलं आणि काहीच बिघडलं नाही, तर तो पुरावा नव्हे. आमच्या कामात कुणी ‘ॲप चालत नाही’ एवढंच कळवलं, तर हात बांधले जातात. कधी, कुठे, काय दाबल्यावर, हे लागतं. चरित्राकडेही तेच मागायचं.

मग आम्ही नाशिकचाच माणूस घेतला, दादासाहेब फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वरचा. पांडवलेण्याजवळचं त्यांचं स्मारक मुलांनी पाहिलेलं होतं, माणूस मात्र माहीत नव्हता.

पहिली पायरी, मत एका वाक्यात लिहा. मुलांनी लिहिलं, ‘फाळके जिद्दीमुळे यशस्वी झाले.’

दुसरी पायरी, हे दाखवणारे दोन प्रसंग शोधा. तंत्र शिकायला ते १९१२ साली लंडनला गेले, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून. परत आल्यावर भांडवल हवं होतं, तेव्हा भाषण देत बसले नाहीत. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं, त्याचं थोडं थोडं चित्रण करून छोटी फिल्म केली आणि पैसे देणाऱ्यांना दाखवली. आता इथे नाव बदलून बघा, जमणार नाही!

तिसरी पायरी, प्रत्येक प्रसंगाखाली ‘म्हणून काय?’चं उत्तर लिहा. वाटाण्याची फिल्म काय सांगते? नुसता हट्ट पुरला नाही, समोरच्याला पटेल असं काहीतरी करून दाखवावं लागलं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपल्या मताला टोचणारा प्रसंग शोधा. तो पत्नी सरस्वतीबाईंपाशी सापडतो. त्यांनी दागिने दिले. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं शिकून घेतली. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यामागे हेही होतं. दुसरा टोचणारा प्रसंग शेवटचा. बोलपट आले आणि १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. तेव्हा जिद्द संपली होती का? की काळ, तंत्र आणि पैशाचं गणित बदललं होतं?

इथे नववीतल्या एका मुलीने विचारलं, “दादा, ज्यांच्या घरी गहाण ठेवायलाच काही नाही, त्यांचं काय?”

क्षणभर सगळे गप्प. खरा निबंध या प्रश्नापासून सुरू होतो. ‘जिद्द असली की यश मिळतंच’ हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला उद्या अपयश आलं, तर तो एकच अर्थ काढेल : माझ्यातच जिद्द कमी. चरित्र नीट वाचलेला मुलगा विचारेल, माझ्यामागे कोण उभं आहे? काय कमी पडलं? दोन्हींत खूप फरक आहे.

तिने मत बदलून लिहिलं, ‘जिद्द लागतेच, पण तिला घरच्यांची साथ, थोडं भांडवल आणि अनुकूल काळही लागतो.’ मार्क किती पडतील ते सोडा. हे वाक्य तिचं स्वतःचं आहे.

एक सावधगिरी. मुलं पटकन ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मधला सीन सांगतात. परेश मोकाशींचा २००९चा हा सिनेमा जरूर बघा, मस्त आहे. पण सीन म्हणजे पुरावा नाही, तो प्रसंग चरित्रात आहे का ते तपासा. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपल्या कामावर लेख लिहिले होते. तेही वाचताना लक्षात ठेवायचं, माणूस स्वतःबद्दल बोलतोय.

मोबाईलवर तयार निबंध दोन सेकंदांत मिळतो. टोचणारा प्रसंग शोधून आपलं मत बदलायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं. तर या आठवड्यात तुमच्या गावातल्या एका माणसाचं चरित्र घ्या, तीन प्रसंग काढा, त्यातला एक टोचणारा. घरात लहान भावंडं असतील तर त्यांनाही बसवा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!